कोल्हापुरात नवीन आहात? बुटीक, चप्पल लाईन आणि गुजरीतली खरेदी

नोकरीसाठी, विद्यापीठात शिकायला किंवा लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन सल्ले न मागता मिळतात: तांबडा-पांढरा कुठं खायचा आणि चप्पल कुठं घ्यायची. पहिल्या विषयावर एकेका घरात दोन-दोन मतं आहेत, त्यात मी पडत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र नीट सांगता येईल, आणि त्याबरोबर कपडे, ब्लाउज, साज यांचंही.

आधी एक गोष्ट. छोट्या दुकानदाराला मदत म्हणून तिथं जाऊ नका. दयेपोटी घेतलेला कुर्ता एकदा घालून कपाटात जातो, आणि त्या दुकानात तुम्ही परत फिरकत नाही. चांगलं काम ओळखायला शिका, त्याचे पैसे वेळेवर आणि पूर्ण द्या, काम वाईट असेल तर तोंडावर सांगा आणि चांगलं असेल तर पुन्हा जा. असं गिऱ्हाईक मिळालं तर दुकानदाराला दुसरं काही नको असतं. पुढचं सगळं त्यासाठीच.

शहर डोक्यात बसवा

अंबाबाईच्या देवळाभोवतीचा भाग, म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड, भाऊसिंगजी रोड, तिथून शिवाजी चौक आणि पापाची तिकटी, हा जुना बाजार. साड्या, खण, परकर, चपला, खोटे दागिने, खरे दागिने, सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. इथं परगावचं गिऱ्हाईक भरपूर असतं, त्यामुळे पहिला सांगितलेला भाव बऱ्याचदा दर्शनाला आलेल्या माणसासाठीचा असतो. तुम्ही इथंच राहता हे बोलताबोलता कळू द्या. ‘राजारामपुरीत राहतो’ एवढं सहज म्हटलं तरी सूर बदलतो.

राजारामपुरी म्हणजे मेन रोड आणि त्याला फुटलेल्या नंबरांच्या गल्ल्या. रेडिमेड दुकानं, बुटीक, ब्लाउज शिवणाऱ्या, फॉल-पिको करणारे, सगळे इथं सापडतात. पत्ता विचारताना ‘कितवी गल्ली?’ हा पहिला प्रश्न. ताराबाई पार्क आणि नागाळा पार्कातली बुटीकं बंगल्याच्या तळमजल्यावर किंवा सोसायटीच्या फ्लॅटमध्ये असतात. पाटी वीतभर, काही ठिकाणी तीही नाही. फोन करून जायचं. आणि एक घोळ टाळा: ताराबाई रोड देवळाजवळ, ताराबाई पार्क शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. रिक्षात बसताना पूर्ण नाव सांगा.

गांधीनगर शहराबाहेर, कापडाची ठोक पेठ. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या जिल्ह्यांतून लोक इथं येतात. शहरातली कित्येक छोटी दुकानं माल इथूनच उचलतात, म्हणून एक फेरी गांधीनगरला जरूर मारा. घ्यायचं काही नसलं तरी चालेल, भाव कळतात. सुती कापडाचं मूळ बघायचं असेल तर इचलकरंजीचे यंत्रमाग जवळच आहेत. चांदीचे पैंजण जिथं घडतात ती हुपरीही याच जिल्ह्यात.

चारचाकी घेऊन महाद्वार रोडवर जाऊ नका, एवढं ऐका. बिंदू चौकात गाडी लावा आणि पुढं पायी चला.

दुकान कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

‘बुटीक’ ही पाटी कुणीही लावू शकतं. आत शिरल्यावर पाच मिनिटांत कळतं की हे नक्की काय आहे.

काही बुटीकं निवडक माल आणून विकतात. सुरत, जयपूर, गांधीनगर असा कुठून कुठून आणलेला. यात वाईट काही नाही. शंभर कुर्त्यांतून बरे दहा निवडून आणणं हेही कसब आहे, आणि त्याचे पैसे दुकानदाराने घ्यावेत. पण तोच कुर्ता पाच मापांत प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये रचलेला असेल आणि भाव ‘आमच्याकडं बनतं’ म्हणून लावला असेल, तर सावध व्हा. मोबाइलवर फोटोवरून शोध घेतला तर तोच कपडा आणखी दहा ठिकाणी दिसतो. हे मात्र दुकानाबाहेर येऊन करा, मालकिणीच्या तोंडासमोर नको.

दुसरी बुटीकं स्वतः शिवतात. मागच्या खोलीतून मशीनचा आवाज येतो, कटिंगचं टेबल दिसतं, कोपऱ्यात कातरणाची पिशवी असते, मालकिणीच्या गळ्यात टेप. एका डिझाइनचे दोन-चारच नग असतात आणि ‘यात बाही लांब करून मिळेल का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर येत नाही. तुमची ओळख अशा ठिकाणी व्हायला हवी.

तिसरा प्रकार घरातून काम करणाऱ्या बायकांचा. आरी वर्क (आरीच्या सुईनं केलेलं भरतकाम), खणाच्या पिशव्या, गोधड्या, लहान मुलींचे खणाचे परकर-पोलके. यांचं दुकान म्हणजे व्हॉट्सअॅपचा ग्रुप आणि दिवाळीच्या आधी भरणारी बचत गटांची प्रदर्शनं. प्रदर्शनात घेतलंत तर नंबर घेऊन ठेवा, कारण पुढच्या वर्षी तोच स्टॉल तिथं असेलच असं नाही.

कुठल्या प्रकारचं आहे हे सरळ विचारलं तरी चालतं: ‘ताई, हे तुमच्याकडं शिवलेलं का बाहेरून आणलेलं?’ खरं सांगणारी बाई लगेच सांगते. उत्तराला जिथं फाटे फुटतात तिथं भाव नीट तपासा.

कपडा उलटा करून बघा

कपड्याचं खरं रूप आतल्या बाजूला. कुर्ता उलटा करा आणि बाजूची शिलाई बघा. कडेला ओव्हरलॉक (कापडाची कड दोऱ्यानं बांधणारी शिलाई) आहे का, दोरे लोंबतायत का, आणि शिलाईच्या आत मार्जिन किती सोडलंय. चांगली शिवणारी बाई बाजूला दीड-दोन बोटं कापड सोडते, म्हणजे पुढच्या वर्षी अंग भरलं तर कुर्ता उसवून सैल करता येतो. कारखान्याचा माल इथं कंजूस असतो, अर्ध्या बोटावर कापलेला.

चौकटी किंवा पट्ट्यांचं कापड असेल तर बाजूच्या शिलाईवर रेषा जुळतायत का बघा. रेषा जुळवायला कापड जास्त जातं आणि कापणाऱ्याला वेळ लागतो. त्या जुळलेल्या असल्या तर भाव दोनशे रुपये जास्त का आहे ते समजतं. मग बटणं. ओढून बघा, हलली तर काज आणि बटण दोन्ही घाईत केलेली आहेत.

रंग जाणार का? रुमालाचं टोक ओलं करा आणि कपड्याच्या आतल्या बाजूला, शिवणीजवळ घासा. आधी विचारून. खण आणि गडद इरकलीच्या बाबतीत ही परीक्षा सोडू नका, कारण लाल ब्लाउजचा रंग पांढऱ्या साडीला लागला की दोन्ही वस्तू गेल्या.

खणाबद्दल थोडं. खण मूळचा कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, इरकल इलकलची. दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यात. कोल्हापूर त्यांची जुनी बाजारपेठ, म्हणून इथं निवड मोठी मिळते. आता यंत्रमागावरचा, कृत्रिम धाग्याचा खण भरपूर येतो. स्वस्त असतो, चमकतो आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटतो. कापड विकत घेत असाल तर काठाचे दोन-तीन धागे मागा आणि दुकानाबाहेर काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरीत होते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. वितळून त्याची कडक गोळी झाली तर तो कृत्रिम. कृत्रिम घेऊच नये असं नाही. पिशवीला, पडद्याला, पर्सला तो टिकतो. ब्लाउजला मी घेणार नाही.

शिवायला टाकताना

नवीन माणसाचं इथं सगळ्यात जास्त बिनसतं, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्या खेपेला पैठणी किंवा आईची जुनी रेशमी साडी घेऊन जाऊ नका. रोजच्या वापराचं एक साधं ब्लाउज किंवा कुर्ता टाका. दिलेल्या तारखेला मिळतो का, गळा मागं ओढला जातो का, बाहीला चुणी पडते का, हे त्यात कळतं. पटलं तर दुसरा, जरा अवघड. लग्नाचं काम तिसऱ्या खेपेला.

मापाचं ब्लाउज न्या, पण आजच्या अंगाला नीट बसणारं. दोन वर्षांपूर्वीचं, ‘थोडं घट्ट होतंय, तेवढं सैल करा’ असं सांगत दिलेलं माप म्हणजे भांडणाची सुरुवात. शक्यतो अंगावर माप घ्यायला लावा आणि वहीत लिहिलेलं स्वतः वाचा. गळ्याची खोली पुढची किती, मागची किती, इंचात बोला. ‘जरा खोल’ म्हणजे तुमच्या मनात एक असतं आणि त्यांच्या मनात दुसरं.

हे आधी ठरवा: कटोरी, प्रिन्सेस कट का साधं, हुक पुढं का मागं, अस्तर कुठलं, पॅड हवेत का, डोरी-लटकन हवंय का, काठ बाहीला लावायचा का पाठीवर. अस्तराचं एक विचाराच: ‘भिजवून घेता ना?’ सुती अस्तर न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि वरचं कापड फुगून राहतं. चांगली शिवणारी बाई हा प्रश्न ऐकून हसते आणि दोरीवर वाळत घातलेली अस्तरं दाखवते.

कापड किती लागेल ते घेण्याआधी विचारा. साडीतलं ब्लाउजपीस साधारण 80 सेंटिमीटरचं. लांब बाही किंवा मागं मोठी नक्षी करायची तर मीटरभर तरी हवं. पारंपरिक खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे ‘एक मीटर द्या’ म्हणून आणलेला खण अपुरा पडतो. मग ताई म्हणतात, ‘काखेत जोड द्यावा लागेल.’ जोड आला की तो कायम दिसतो.

आता तारीख. ‘ताई, पुढच्या शनिवारी द्याल?’ ‘देते की.’ या ‘देते की’वर विसंबून हॉल गाठू नका. पावतीवर तारीख लिहून घ्या, कापडाचा कोपरा पावतीला टाचून घ्या, आणि कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीची तारीख सांगा. ट्रायल मागा. ट्रायलला साडीवर जे अंतर्वस्त्र घालणार तेच घालून जा, हात वर करा, पुढं वाका, खुर्चीत बसा. आरशापुढं नुसतं उभं राहून ब्लाउज कळत नाही.

भारी कामाला निम्मी रक्कम आगाऊ द्या, त्यातून दोरा, मणी, अस्तर आणलं जातं. उरलेली रक्कम कपडा घेताना, तिथल्या तिथं. ‘पुढच्या वेळी एकदम देते’ ही सवय चांगल्या घरच्या, चांगल्या पगाराच्या गिऱ्हाइकांना जास्त असते. मशीनवरच्या मुलींना शनिवारी मजुरी द्यायची असते हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

शिलाईत घासाघीस करू नका. कापडाचा भाव करा, दोन-तीन नग असतील तर ‘काहीतरी कमी करा’ म्हणा, ते ठीक आहे. पण साडेतीन तास बसून केलेल्या आरी वर्कला ‘एवढंसंच तर आहे’ म्हणणं बरं नव्हे. परवडत नसेल तर काम कमी करायला सांगा: पाठ भरू नका, नुसत्या बाह्या भरा. बाई चिडत नाही, उलट चांगलं काहीतरी सुचवते.

आणखी एक, हे कुणी उघड बोलत नाही. एका बुटीकमध्ये दहा कपडे घालून बघायचे, फोटो काढायचे आणि तेच डिझाइन गल्लीच्या टोकाला अर्ध्या पैशात शिवून घ्यायचं, हा प्रकार सर्रास चालतो. फोटो काढायचा असेल तर विचारा. ‘नको’ म्हणाल्या तर राग मानू नका.

चप्पल

चपलेला कोल्हापूरचं नाव असलं तरी ती एका गावची नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून. इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. तेव्हा दुकानदाराने ‘ही अथणीची आहे’ (अथणी बेळगाव जिल्ह्यात) सांगितलं तर नाक मुरडू नका. खरं सांगतोय, हे त्याच्या बाजूनं धरा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने अशाच अंगठ्याच्या चपला दाखवल्या, श्रेय द्यायचं राहून गेलं, मग गदारोळ झाल्यावर प्रेरणा इथली असल्याचं त्यांनी मान्य केलं. तेव्हापासून चप्पल लाईनीत ‘प्राडावाली दाखवा’ म्हणणारे पाहुणे येतात. तुम्ही तसं म्हणू नका.

शिवाजी चौकाजवळची चप्पल लाईन ही विक्रीची जागा. बनवणारे कारागीर सुभाषनगर, जवाहरनगर या भागांत आणि आसपासच्या गावांत आहेत. पहिली जोडी लाईनीतून घ्या, कारण एकाच रांगेत वीस दुकानं बघता येतात. दुसरी कारागिराकडून करून घ्या.

लाईनीत शिरल्यावर ‘या वहिनी, या दादा, बघायला पैसे नाहीत’ असा पुकारा होतो. पहिल्या दुकानात बसकण मारू नका. तीन-चार दुकानांत एकाच प्रकारची जोडी हातात घ्या, भाव विचारा, मग ठरवा. प्रकारांची नावं माहीत असली की बोलणं सोपं जातं: कापशी, कानवाली, कुरुंदवाडी, बक्कलनाली. दोन्ही बाजूंना जे पाळीसारखे चामड्याचे तुकडे असतात ते कान, पायाच्या मोठ्या बोटात अडकतो तो अंगठा, मधली नक्षीची गुंफण म्हणजे वेणी. वेणीचं आणि बारीक सजावटीचं काम बहुतेक घरातल्या बायका करतात.

चप्पल हातात घेतली की आधी वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याला थोडा उग्र, मातकट वास येतो. रेक्झिनला रबराचा, डिंकाचा वास. मग कड बघा. तळव्याची कड म्हणजे चपलेचं आधार कार्ड. हातच्या जोडीत चामड्याचे थर एकावर एक दिसतात आणि ते चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. कडेला गुळगुळीत रंगाचा जाड थर चोपडलेला असेल तर आत काय आहे ते लपवलंय असं समजा, पुठ्ठाही असू शकतो. तळवा दोन्ही हातांनी वाकवा. खरं चामडं वाकतं, सुरकुतीला फिकं पडतं आणि परत येतं. पुठ्ठा मोडल्याचा आवाज येतो.

तळव्याला म्हशीचं जाड चामडं, वरच्या पट्ट्यांना शेळीचं मऊ, अशी साधारण रीत. महाराष्ट्रात 2015 मध्ये गोवंशाबाबतचा कायदा कडक झाल्यावर बैलाचं चामडं मिळेनासं झालं, कच्च्या मालाची ओढाताण वाढली, आणि किमतीही. म्हणून दोन-तीनशे रुपयांत ‘अस्सल हातची’ म्हणून कुणी देत असेल तर ती अस्सल नाही. पावसाळ्यात घालायला रेक्झिनची घ्या, खुशाल घ्या, पण तेवढाच भाव द्या.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. नवी जोडी अंगठ्यात आणि पट्ट्यात घट्ट असायला हवी, कारण चामडं वापरून सैल होतं. आज ढिली असलेली महिन्यात पायातून निसटेल. टाच मात्र मागं लोंबता कामा नये. दोन्ही पायांत घालून दुकानाच्या फरशीवर दहा पावलं चाला. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, मोठ्याचं माप धरा.

कारागिराकडून करून घ्यायची असेल तर कोऱ्या कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिल सरळ धरून रेघ मारतात. दोन आठवडे हातात ठेवा, पावसाळ्यात जास्त, कारण ओल्या हवेत चामडं वाळत नाही. कर्रकर्र वाजणारी हवी असेल तर आधीच सांगा. नंतर आवाज भरता येत नाही. आणि घरात तान्हं मूल असेल तर ती मागू नका.

घरी आणल्यावर पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बोटानं खोबरेल किंवा एरंडेल लावा, रात्रभर ठेवा. पहिले काही दिवस घरातच तास-अर्धा तास घाला. लग्नाच्या दिवशी नवी कोरी जोडी घालून वरातीत नाचणारे नवरदेव दुसऱ्या दिवशी फोड दाखवत बसतात. पाणी लागलं तर सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरपुढं ठेवली की चामडं ताठ होऊन तडकतं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, बुरशी येते. डांबरी रस्त्यावर रोज चालणार असाल तर खाली पातळ रबरी सोल मारून घ्या. जुनी माणसं नाक मुरडतील, पण चप्पल वाचते.

वादी तुटली, अंगठा उसवला तर जिथून घेतली तिथंच न्या. बहुतेक ठिकाणी थोडक्या पैशात करून देतात. जो दुरुस्तीला नाही म्हणतो, त्याच्याकडून दुसरी जोडी घेऊ नये.

गुजरीत, थोडक्यात

सोन्या-चांदीच्या पेढ्यांची गल्ली म्हणजे गुजरी, महाद्वार रोडला लागूनच. कोल्हापुरी साज बघायचा तर इथं. पूर्ण साजात 21 पानं, म्हणजे छोटी पदकं: दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूचं एकेक, आणि एक डोरलं. आता कमी पानांचे साजही करतात, विचारून घ्या. मधले जवमणी आत लाख भरून केलेले असतात, म्हणून सोन्याचं वजन लाख वजा जाता किती ते बिलावर लिहून मागा. मजुरी वेगळी लावतात, तीही आधी विचारा.

सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचं चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हे तिन्ही हवेत. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर अॅपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंद दिसते. पेढीवर बसूनच टाका, कुणी वाईट वाटून घेत नाही.

चांदीवर सोन्याचं पॉलिश केलेली ठुशी, बोरमाळ, चिंचपेटी रोजच्या वापराला आणि खिशाला झेपते. पॉलिश परत करून देणार का आणि किती घेणार, एवढं विचारून ठेवा. अत्तर आणि घाम लागला की ते उतरतं.

पैसे आणि बिल

यूपीआय सगळीकडं चालतं, तरी कारागिराकडं जाताना थोडी रोकड ठेवा.

बिल मागा. पाचशेच्या कुर्त्यालाही. छोट्या दुकानदाराला त्यानं त्रास होत नाही. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या माल विकणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण मग त्यानं बिलात जीएसटी लावायचाही नसतो. कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या) छोट्या दुकानदारालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. म्हणजे बिलावर जीएसटी वेगळा दाखवला असेल तर वर जीएसटी क्रमांक दिसलाच पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला आणि चपलेला 5 टक्के, त्यापुढं 18 टक्के असा दर आहे. ‘बिलाशिवाय घेतलं तर कमी लावतो’ असं कुणी म्हटलं तर लक्षात ठेवा, उद्या तक्रार करायची वेळ आली तर हातात काही नसेल.

भाव करायचा तो एकदाच, आणि घ्यायचं असेल तरच. अर्धा तास घासाघीस करून ‘बघू, फिरून येतो’ म्हणणारे इथं लक्षात राहतात. शहर एवढं मोठं नाही.

बिघडलं तर

पहिल्यांदा दुकानात जा, गर्दी नसलेल्या वेळी, बिल आणि वस्तू घेऊन. ब्लाउज बिघडलं असेल तर घरी उसवायला बसू नका, आहे तसं न्या. कुठं ओढतंय ते अंगावर घालून दाखवा. दहापैकी आठ वेळा तिथंच मिटतं.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. आवड बदलली म्हणून परत घ्यायला दुकानदार बांधील नाही, हे खरं. पण माल सदोष असेल तर बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. एका उसवलेल्या बाहीसाठी मात्र आयोगात जाऊ नका. भरजरी साडी जाळली आणि दुकानदार ओळखच दाखवेना, तेव्हासाठी तो रस्ता.

ऑनलाइन एक तारा देण्याआधी एकदा बोलून बघा. मोठ्या ब्रँडला त्यानं काही होत नाही, पण दोन मशीनच्या बुटीकचं महिन्याचं काम जाऊ शकतं. आणि चांगलं काम झालं तर चार ओळी लिहा, फोटोसकट. आपण तेवढंच विसरतो.

कधी जायचं

नवरात्रात देवळाच्या परिसरात खरेदीला जाऊ नका, चालायलाच जागा नसते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महाद्वार रोडवर संध्याकाळी जाणं म्हणजे जत्रेला जाणं. मजा म्हणून जा, पण मापं द्यायला नको. लग्नसराईत कुठल्याही चांगल्या बुटीकमध्ये पंधरा दिवसांत काम होईल अशी आशा ठेवू नका.

आषाढात आणि पितृपक्षात बाजार थंड असतो. मालकीण निवांत असते, चहा सांगते, नवी डिझाइनं काढून दाखवते, कारागिराला घाईत काम करावं लागत नाही. आठवड्यातला मधला दिवस आणि सकाळी अकराची वेळ सगळ्यात बरी. आठवड्याची सुट्टी भागागणिक वेगळी, फोन करून निघा. दुपारी काही छोटी दुकानं जेवायला बंद होतात, तेव्हा शटरवर थापा मारू नयेत. चप्पल पाऊस सरल्यावर घ्या किंवा पाऊस लागायच्या आधी महिनाभर. दिवाळीचं ब्लाउज गणपती उठले की टाकायचं. लग्नाचं तारीख ठरल्याच्या आठवड्यात, मग हॉल ठरलेला असो वा नसो.